एमी वाइनहाउस : गाणी कशी घडली, कशी ऐकावीत, कशी बसवावीत

मंद्रसप्तक (धागाकर्ता)

एमी वाइनहाउसबद्दल मराठीत जे वाचायला मिळतं ते बहुतेक दारू, ड्रग्ज, वर्तमानपत्रातले फोटो आणि २७व्या वर्षी आलेला मृत्यू यांतच संपतं. गाण्यांच्या वाट्याला जेमतेम दोन ओळी येतात. तिने हयातीत दोनच अल्बम केले. त्यातला दुसरा, 'बॅक टू ब्लॅक', सुमारे ३५ मिनिटांचा. पण त्या ३५ मिनिटांत शब्द, चाल, वाद्यमेळ आणि गायकी यांबद्दल शिकण्यासारखं इतकं आहे की त्यासाठी स्वतंत्र धागा हवाच होता. इथे गाण्यांबद्दलच बोलू.

आधी पार्श्वभूमी थोडक्यात. जन्म १४ सप्टेंबर १९८३, उत्तर लंडन. बालपण साउथगेट भागात, ज्यू कुटुंबात. आई जॅनिस फार्मासिस्ट, वडील मिच पुढे टॅक्सी चालवायचे आणि घरात अमेरिकन गायक फ्रँक सिनात्राची गाणी म्हणायचे. वडलांची आई सिंथिया स्वतः गायिका, आणि आईकडच्या नात्यात जॅझ वाजवणारे लोक. म्हणजे हे संगीत तिला पुस्तकातून शिकावं लागलं नाही, घरातच कानावर पडत होतं. आईवडील वेगळे झाले तेव्हा ती नऊ वर्षांची होती. सिल्व्हिया यंग थिएटर स्कूल, नंतर थोडा काळ क्रॉयडनचं ब्रिट स्कूल. २०००च्या सुमारास ती नॅशनल यूथ जॅझ ऑर्केस्ट्राबरोबर गात होती. हा टप्पा लोक सोडून देतात, पण पुढचं सगळं समजायला तोच महत्त्वाचा आहे. पाठीमागे पितळी वाद्यांचा मोठा ताफा वाजत असताना आपली ओळ कुठे सुरू करायची आणि कुठे सोडायची, याची सवय तिला तिथेच लागली.

मित्र टायलर जेम्सने तिची डेमो टेप पुढे पोचवली. मग सायमन फुलरच्या कंपनीशी व्यवस्थापनाचा करार, आणि आयलंड रेकॉर्ड्समध्ये डार्कस बीझने तिला घेतलं. पहिला अल्बम 'फ्रँक' २० ऑक्टोबर २००३ला आला. निर्माते मुख्यतः सलाम रेमी आणि कमिशनर गॉर्डन. त्यातल्या 'स्ट्राँगर दॅन मी'ला २००४चा आयव्हर नॉव्हेलो पुरस्कार मिळाला. तो गीतकार-संगीतकारांना दिला जातो. म्हणजे विशीत असतानाच तिला मान मिळाला तो लिहिण्यासाठी. त्या अल्बममधले काही मिक्स आणि काही निवडी तिला मान्य नव्हत्या आणि तिने ते उघडपणे सांगितलं होतं.

माझं म्हणणं एवढंच आहे : 'फ्रँक'मध्ये जॅझ कॉर्ड्समध्ये आहे, 'बॅक टू ब्लॅक'मध्ये तो कॉर्ड्समधून निघून गळ्यात गेला आहे. दुसऱ्या अल्बममध्ये कॉर्ड्स तीन-चारच, साधे, साठच्या दशकातल्या अमेरिकन मुलींच्या गटांसारखे. पण शब्द तालावर ज्या जागी पडतात ती समज पूर्ण जॅझची आहे. या दोन गोष्टी एकत्र आल्यामुळे ती गाणी पहिल्यांदा ऐकतानाच लक्षात राहतात आणि तरी शंभराव्यांदा ऐकतानाही नवी वाटतात.

लेखनाबद्दल. ती गिटार घेऊन शब्द आणि चाल बरोबरच रचायची. 'बॅक टू ब्लॅक'मधल्या ११ गाण्यांपैकी ७ एकटीची आहेत : 'रिहॅब', 'यू नो आय'म नो गुड', 'मी अँड मिस्टर जोन्स', 'जस्ट फ्रेंड्स', 'लव्ह इज अ लूझिंग गेम', 'सम अनहोली वॉर' आणि 'अ‍ॅडिक्टेड'. उरलेल्या चारांत सहलेखक आहेत. निर्मितीची वाटणी म्हणाल तर मार्क रॉन्सनकडे ६, सलाम रेमीकडे ५.

रॉन्सन तिला मार्च २००६मध्ये न्यूयॉर्कला भेटला. त्याने रात्रीतून पियानोची सुरावट आणि ताल रचला, दुसऱ्या दिवशी ऐकवला, आणि तिने तिथेच बसून शीर्षकगीताचे शब्द लिहिले. त्या गाण्याच्या ध्रुवपदात पहिल्या दोन ओळींचं यमक जुळत नाही. रॉन्सनने ते बदलायला सुचवलं, तिने ठाम नकार दिला. ओळ जशी आली तशीच ठेवली. नीट ऐकलं तर कळतं की तिथे यमक असतं तर ओळ गोड झाली असती आणि तिचा घाव गेला असता.

'रिहॅब' मुळात संथ ब्लूज होतं. रॉन्सनने लय वाढवली आणि अंतऱ्यात ई मायनर, ए मायनर हे कॉर्ड्स सुचवले. ध्रुवपद ब्लूजच्या चौकटीत, अंतरा एकदम वेगळ्या सावलीत, हे त्यामुळे झालं. 'टिअर्स ड्राय ऑन देअर ओन' हेही मुळात संथ गाणं होतं. रेमीने त्याला अ‍ॅशफर्ड आणि सिम्पसन यांच्या 'एन्ट नो माउंटन हाय इनफ'ची वाद्यरचना जोडली, म्हणून श्रेयनामावलीत त्या दोघांची नावं आहेत. मूळ संथ रूप तिच्या मृत्यूनंतर २०११मध्ये निघालेल्या 'लायनेस : हिडन ट्रेझर्स' या संग्रहात आहे. दोन्ही पाठोपाठ ऐका. शब्द तेच, पण संथ रूपात बाई कोसळलेली आहे आणि जलद रूपात ती चालत घरी निघाली आहे. नुसत्या लयीने अर्थ किती बदलतो त्याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.


प्रतिसाद : टेपवाला

उत्तम धागा. वाद्यमेळाबद्दल भर घालतो, कारण तिथे गैरसमज फार आहेत. बरेच जण समजतात की हा जुना आवाज कॉम्प्युटरवर 'जुना' केला आहे. तसं नाही.

रॉन्सनच्या गाण्यांचा मूळ साज ब्रुकलिनमधल्या बुशविक भागातल्या डॅपटोन स्टुडिओत वाजवला गेला. वाजवणारे डॅप-किंग्ज, म्हणजे सोल गायिका शॅरन जोन्सचा वाद्यवृंद. ड्रम्सवर होमर स्टाइनवाइस, बेसवर निक मॉव्हशॉन, गिटारवर थॉमस ब्रेनेक आणि बिंकी ग्रिप्टाइट, टेनर सॅक्सोफोन नील शुगरमन, बॅरिटोन सॅक्सोफोन इयन हेंड्रिक्सन-स्मिथ, ट्रम्पेट डेव्ह गाय. ध्वनिमुद्रण गेब्रिएल रॉथचं. ड्रम्स, बेस, पियानो, गिटार एकाच खोलीत, एकाच वेळी, टेपवर. एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये शिरलेला, आणि ड्रम्स मोनो, म्हणजे डावं-उजवं न करता एकाच वाहिनीवर. त्यामुळे नंतर 'ड्रम्स थोडे कमी करा' म्हटलं तर पियानोही हलतो. तोल वाजवतानाच साधावा लागतो.

ते वाजवत होते तेव्हा एमी तिथे नव्हती. तिचा आवाज वेगळा मुद्रित झाला. तंतुवाद्यांची रचना ख्रिस एलियटची, ती लंडनला मुद्रित झाली. आणि मिक्सिंग टॉम एल्महर्स्टचं. म्हणजे पाया एका शहरात, कळस दुसऱ्या शहरात. असं असूनही सगळे एकत्र बसून वाजवत आहेत असं वाटतं, याचं मोठं श्रेय एल्महर्स्टला द्यायला हवं. त्याने खोलीचा मूळ आवाज पुसला नाही, त्यातच गळा बसवला.

बॅरिटोन सॅक्सोफोनकडे खास लक्ष द्या. 'रिहॅब'मध्ये तो खालून जो खरखरीत आधार देतो तो काढला तर गाणं अर्धं हलकं होईल.


प्रतिसाद : चौकट

टेपवाला, घरच्या किंवा छोट्या स्टुडिओत या आवाजाच्या जवळ जायचं तर काय करावं? ड्रम्स, बेस, गिटार, कीबोर्ड आणि गायिका एवढं गृहीत धरा. टेप मशीन नाही.


प्रतिसाद : टेपवाला

टेप नसली तरी चालेल. आवाज टेपमुळे जेवढा येतो त्याहून जास्त वाजवण्यामुळे आणि माइक कमी ठेवल्यामुळे येतो.

खोलीपासून सुरुवात. फरशी उघडी असेल तर ड्रम्सखाली जाड सतरंजी, समोरच्या भिंतीला गादी किंवा रजई. प्रतिध्वनी कमी हवा, पण खोली अगदी मेलेली नको.

स्नेअरवर, म्हणजे ड्रमरच्या समोरच्या छोट्या कडक आवाजाच्या ड्रमवर, सुती रुमालाची घडी ठेवा, चामड्याचा साधारण एक तृतीयांश भाग झाकेल एवढी. कडेला चिकटपट्टीने धरून ठेवा नाहीतर दोन मिनिटांत सरकते. बास ड्रममध्ये उशी, पुढच्या आणि मागच्या दोन्ही चामड्यांना जेमतेम टेकेल अशी. ठोका 'ठप्प' यायला हवा, घुमायला नको.

माइक एकच. ड्रम्सच्या समोर सुमारे १ मीटरवर, बास ड्रमच्या वरच्या कडेपेक्षा थोडा उंच, तोंड स्नेअरकडे. एक मिनिट वाजवून ऐका. बास ड्रम कमी वाटला तर माइक खाली घ्या, झांजा टोचत असतील तर आणखी खाली आणि किंचित बाजूला. इथे हमखास चूक होते ती हाय-हॅटची, म्हणजे पायाने मिटणाऱ्या झांजांच्या जोडीची. आजचे ड्रमर हाय-हॅट जोरात आणि स्नेअर मध्यम वाजवतात, कारण प्रत्येकाला वेगळा माइक असण्याची सवय असते. एका माइकवर हाय-हॅट सगळं खाऊन टाकतो. ड्रमरला हॅट निम्म्या जोराने आणि स्नेअर पूर्ण जोराने वाजवायला सांगा. यावर दुसरा इलाज नाही, नंतर इक्वलायझरने हे सुटत नाही.

बेसला फ्लॅटवाउंड (गुळगुळीत, सपाट गुंडाळणीच्या) तारा लावा आणि ब्रिजजवळ तारांखाली स्पंजचा तुकडा सरकवा. स्वर पटकन विझला पाहिजे. बेसचा अ‍ॅम्प ड्रम्सच्या माइकच्या पाठीमागे ठेवा, कारण कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचं ऐकणारा, माइक मागून सर्वांत कमी ऐकतो. थोडा आवाज शिरला तर शिरू द्या, तोच खोलीचा गोंद आहे. पण एकाच वाद्यावर दोन माइक लावणार असाल तर सांभाळा. दोघांची अंतरं चुकली तर खालचे स्वर एकमेकांना कापतात आणि बेस कागदासारखा पातळ होतो. दोन वाद्यांना दोन माइक असतील तर माइकांमधलं अंतर माइक आणि वाद्य यांच्यातल्या अंतराच्या तिप्पट तरी ठेवा. तरी पातळ वाटलं तर एका माइकची ध्रुवता (मिक्सरवरचं 'फेज' बटण) उलटी करून बघा, ज्या स्थितीत खालचा स्वर भरीव लागतो ती ठेवा.

मिक्समध्ये ड्रम्स मोनोच ठेवा. ४० हर्ट्झच्या खाली कापा, १० किलोहर्ट्झच्या वर हळूहळू उतरवा. रिव्हर्ब, म्हणजे वरून दिलेला प्रतिध्वनी, सगळ्यांना मिळून एकच, प्लेट किंवा स्प्रिंग प्रकारचा, दीड ते दोन सेकंदांचा. प्रत्येक वाद्याला वेगळा रिव्हर्ब दिला की वादक वेगवेगळ्या गावांत बसल्यासारखे ऐकू येतात.

आणि सर्वांत महत्त्वाचं, वाजवलेलं सॉफ्टवेअरमध्ये मात्रांवर चिकटवू नका. गायिका मात्रेच्या मागे राहणार आहे. तिच्या खाली जिवंत हातांची लय हवी.


प्रतिसाद : खर्ज

गायकीबद्दल लिहितो. एमीचा आवाज कॉन्ट्राल्टो, म्हणजे बायकांच्या आवाजांतला सर्वांत खालचा. आपल्याकडे सुगम संगीत काळी चार, काळी पाचमध्ये गाणाऱ्या मुली ही गाणी मूळ पट्टीत घेतात आणि अंतऱ्यात खाली जाताना आवाज हवेत विरतो. मग तो भरून काढायला घसा दाबला जातो. ती खरखर खोटी असते आणि दोन गाण्यांत घसा बसतो. उपाय साधा : पट्टी दोन ते चार स्वरांनी, म्हणजे सेमीटोननी वर घ्या. मूळ पट्टीशी इमान राखण्यात काही अर्थ नाही, स्वतः एमी मैफिलीत सारखे बदल करायची.

आता लय. 'ती मागे गाते' एवढं सगळे सांगतात, पण नेमकं काय होतं ते असं : ओळीची सुरुवात उशिरा, मधले शब्द जवळजवळ बोलण्याच्या वेगाने, आणि शेवटचा शब्द वेळेवर. शिकणारे पूर्ण ओळच मागे ओढतात. मग ड्रमर गायिकेची वाट पाहतो, गायिका ड्रमरची, आणि तिसऱ्या कडव्यापर्यंत लय बसून जाते.

रियाज असा करा. मेट्रोनोम निम्म्या गतीवर लावा आणि त्याचा ठोका दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडतोय असं धरा. आधी शब्द नुसते बोला. मग चाल सरळ, मात्रेवर, एकही हरकत न घेता गा. हे कंटाळवाणं वाटतं, पण हा पाया नसेल तर पुढचं सगळं अंदाजपंचे होतं. त्यानंतर फक्त पहिला शब्द अर्धी मात्रा उशिरा घ्या आणि शेवटचा शब्द जागेवर आणा. जमलं की मग उशीर किती, कुठे, हे गाण्याच्या अर्थावरून ठरवा. मोबाइलवर मुद्रण करून ऐका. गाताना जे 'मागे' वाटतं ते ऐकताना बरेचदा नुसतं चुकलेलं निघतं.

शास्त्रीय शिकलेल्यांना एक वेगळाच धोका असतो. मुरकी हाताशी असते म्हणून प्रत्येक अक्षरावर ती येते. एमीच्या हरकती बहुतेक ओळीच्या शेवटी असतात आणि त्यांचं वळण गळ्यापेक्षा सॅक्सोफोन-ट्रम्पेटचं आहे. सारा वॉन आणि डायना वॉशिंग्टन या तिच्या आवडीच्या गायिका. त्यांना ऐकलं की हे वळण कुठून आलं ते लगेच कळतं. ओळीत एकच जागा सजवा, बाकी सपाट ठेवा. व्हायब्रेटो तर शेवटच्या लांब स्वरावरच, तोही स्वर आधी सरळ धरून मग.

'रिहॅब'च्या ध्रुवपदातला गंधार कोमल आणि शुद्ध यांच्या मधे कुठेतरी सरकतो. पेटीवर तो मिळणार नाही, कानानेच घ्यावा लागेल. मुद्रणानंतर त्यावर ऑटोट्यून (सूर आपोआप सुधारणारं सॉफ्टवेअर) लावलं तर तो जवळच्या स्वराला चिकटतो आणि ब्लूज संपतो.

माइक तोंडाला अगदी चिकटवू नका. खालच्या स्वरात फार जवळ गेलं की आवाज घुमतो. चार बोटं अंतर ठेवा, तरी घुमला तर २०० हर्ट्झच्या आसपास थोडं कमी करा. इंग्लंडच्या बोलीची नक्कलही नको, शब्द स्वच्छ पण सैल सोडा.


प्रतिसाद : पांढरी_दोन

खर्ज यांनी पट्टीचं सांगितलं, मी कॉर्ड्सचं सांगते.

'बॅक टू ब्लॅक' डी मायनरमध्ये, म्हणजे सा पांढरी दोन. अंतरा : डी मायनर, जी मायनर, बी फ्लॅट, ए सेव्हन. लय सुमारे १२३. एवढंच चक्र फिरत राहतं. कीबोर्डवाले ए सेव्हनऐवजी ए मायनर वाजवतात ही नेहमीची चूक. ए सेव्हनमधला सी शार्प म्हणजे आपला शुद्ध निषाद. तोच परत षड्जाकडे ओढतो. ए मायनरमध्ये तो कोमल होतो आणि चक्र लुळं पडतं. या चार कॉर्ड्सचे स्वर एकत्र मांडले तर बरोबर किरवाणीचे सात स्वर मिळतात, म्हणून आपल्या कानाला हे गाणं पटकन जवळचं वाटत असावं. मात्र त्यात रागविस्तार करायला जाऊ नये, पियानोच्या ठोक्यांना पुढे जायचं असतं.

'व्हॅलरी'. हे गाणं तिचं नाही, लिव्हरपूलच्या झूटॉन्स या बँडचं आहे. तिने ते रॉन्सनच्या २००७च्या 'व्हर्जन' अल्बमसाठी गायलं आणि ब्रिटनच्या यादीत ते दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. पट्टी ई फ्लॅट, काळी दोन. गिटारवर पहिल्या घरात कॅपो (सगळ्या तारा एकत्र दाबणारा चिमटा) लावा आणि डी, ई मायनर यांवर अंतरा वाजवा. पुढे जी आणि एफ शार्प मायनर आलटून पालटून, शेवटी ए. लय निम्म्याने मोजली तर १०६ च्या आसपास. नवख्या वादकांची मनगटं दुसऱ्या कडव्यापर्यंत भरून येतात, कारण ते सहाही तारांवर पूर्ण फटका मारतात. वरच्या तीन-चार तारांवरच छोटा फटका द्या आणि डाव्या हाताची पकड लगेच सैल करून स्वर तोडा. जलद जमतच नसेल तर 'लायनेस'मध्ये याचंच संथ रूप आहे, ते बसवा. समारंभात ते जास्त खुलतंही.


प्रतिसाद : साउंडचेक

छान माहिती. पण तिला सहा ग्रॅमी मिळाले ना? आणि मृत्यू ड्रग्जच्या अतिसेवनाने झाला असंच सगळीकडे वाचलं आहे.


प्रतिसाद : नेमकी_नोंद

दोन्ही गोष्टी नीट सांगायला हव्यात.

१० फेब्रुवारी २००८च्या सोहळ्यात पाच : रेकॉर्ड ऑफ द इयर, साँग ऑफ द इयर, सर्वोत्कृष्ट नवा कलाकार, सर्वोत्कृष्ट पॉप गायिका आणि सर्वोत्कृष्ट पॉप गायन अल्बम. एका रात्रीत पाच ग्रॅमी घेणारी ती पहिली ब्रिटिश स्त्री. व्हिसा वेळेत न मिळाल्याने ती लॉस एंजेलिसला जाऊ शकली नाही, लंडनच्या रिव्हरसाइड स्टुडिओतून उपग्रहाद्वारे गायली. सहावा ग्रॅमी मृत्यूनंतर, २०१२मध्ये, ज्येष्ठ अमेरिकन गायक टोनी बेनेटबरोबरच्या 'बॉडी अँड सोल'साठी. ते मार्च २०११मध्ये अ‍ॅबी रोड स्टुडिओत मुद्रित झालं आणि तेच तिचं शेवटचं स्टुडिओतलं गाणं. त्यात ती ८४ वर्षांच्या बेनेटसमोर पुन्हा पूर्ण जॅझ गायिका होते. मंद्रसप्तक यांनी सांगितलेला, यूथ जॅझ ऑर्केस्ट्रापासून सुरू झालेला प्रवास तिथे वर्तुळासारखा पूर्ण होतो.

मृत्यू २३ जुलै २०११, कॅम्डन स्क्वेअरमधल्या घरी. शवचिकित्सेत रक्तात बेकायदा ड्रग्ज सापडले नाहीत. अल्कोहोल १०० मिलिलिटर रक्तात ४१६ मिलिग्रॅम होतं, तिथली वाहन चालवण्याची मर्यादा ८० आहे. पहिल्या चौकशीतल्या अधिकारी त्या पदासाठी पात्र नव्हत्या असं नंतर निघालं, म्हणून जानेवारी २०१३मध्ये पुन्हा चौकशी झाली. निष्कर्ष तोच राहिला : अपघाती मृत्यू. काही काळ दारू सोडून मग एकदम पुष्कळ प्यायल्याने हे घडलं. वर्षानुवर्षांच्या बुलिमियाने (खाऊन मुद्दाम उलटी करण्याच्या विकाराने) तिचं शरीर आधीच खचलं होतं असं तिचा भाऊ अ‍ॅलेक्स याने सांगितलं आहे. आजारी माणसाबद्दल आपण लिहितोय हे लक्षात ठेवून लिहावं, एवढी सर्वांना विनंती.


प्रतिसाद : तबकडी

तबकडी किंवा सीडी घेणाऱ्यांसाठी : 'बॅक टू ब्लॅक'च्या सुरुवातीच्या अमेरिकी आवृत्तीत 'अ‍ॅडिक्टेड' नाही. जुनी प्रत घेताना मागच्या यादीत ते गाणं आहे ना ते पाहा. नव्याने ऐकणाऱ्यांनी 'फ्रँक'ने सुरुवात करू नये असं माझं मत. तो लांब आहे आणि त्यातले ठोके त्या काळच्या हिप-हॉपचे आहेत. आधी 'बॅक टू ब्लॅक', मग प्रत्यक्ष मैफिली, मग 'फ्रँक'. तेव्हा 'फ्रँक'मधलं 'मूडीज मूड फॉर लव्ह' ऐकलं की ही मुलगी १९-२० वर्षांची असताना काय करू शकत होती ते कळतं.


प्रतिसाद : मंद्रसप्तक

तबकडी, क्रम पटला. मैफिलींमध्ये माझी निवड एकच : ३ डिसेंबर २००६, आयर्लंडमधलं डिंगल गाव, सेंट जेम्स चर्च. 'अदर व्हॉइसेस' या दूरचित्रवाणी मालिकेसाठी ती तिथे गायली. छोटंसं चर्च, आणि साथीला दोनच माणसं : बेसवर डेल डेव्हिस, गिटारवर रॉबिन बॅनर्जी. ड्रम्स नाहीत, पितळी वाद्यं नाहीत. अल्बममधला सगळा साज काढून घेतल्यावर गाण्यात काय उरतं ते तिथे उघडं दिसतं. चाल तशीच भक्कम उभी असते. त्याच वेळी घेतलेली तिची एक मुलाखतही आहे, तिच्या आवडत्या गायिकांबद्दल ती फार मनापासून बोलते.

आसिफ कपाडिया या भारतीय वंशाच्या ब्रिटिश दिग्दर्शकाचा २०१५चा 'एमी' हा माहितीपट गाण्यांच्या दृष्टीनेही पाहावा. तिच्या ओळी पडद्यावर लिहून दाखवल्या आहेत, त्यामुळे शब्दांकडे लक्ष जातं. त्याला ऑस्कर मिळालं. तिच्या वडलांनी मात्र त्यातल्या आपल्या चित्रणावर जाहीर आक्षेप घेतला होता, हेही माहीत असावं.


प्रतिसाद : चौकट

डिंगलसारखं दोन वाद्यांवर बसवायचं असेल तर कोणती गाणी निवडावीत? आणि ड्रम्स नसताना लय कोण धरणार?


प्रतिसाद : पांढरी_दोन

'लव्ह इज अ लूझिंग गेम', 'टिअर्स ड्राय', 'यू नो आय'म नो गुड'. 'रिहॅब' शेवटी ठेवा किंवा सोडाच, त्याला टाळ्या आणि बॅरिटोन सॅक्सोफोन लागतो.

लय बेसने धरायची. प्रत्येक चक्राची पहिली मात्रा बेसवर ठाम, त्यात सूट नाही. गिटारने दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर छोटा तुटक फटका द्यायचा, तोच स्नेअरचं काम करतो. दोघांनी मिळून मात्रा भरायच्या नाहीत. गायिका शब्द उशिरा टाकणार, तिला रिकामी जागा हवी. 'लूझिंग गेम'मध्ये गिटारने बोटांनी वाजवावं, प्लेक्ट्रम नको, आणि मेजर सेव्हन, मायनर सेव्हन हे कॉर्ड्स पूर्ण ठेवावेत. सातवा स्वर गाळून साधा मेजर धरला की गाण्याचा रंग उडतो.


प्रतिसाद : खर्ज

यात एक भर. दोन वाद्यांवर गाताना गायिकेने पायाने ताल देऊ नये, निदान माइकच्या स्टँडजवळ तरी नाही. लाकडी मंचावर ठोका स्टँडमधून माइकमध्ये शिरतो आणि स्पीकरमधून घुमून परत येतो. बेसवाल्याला लय नीट कळत नसेल तर त्याला गायिकेच्या डाव्या हाताला, तिच्या नजरेत बसवा. तिने ओळ उशिरा घेतली तरी त्याने बोट थांबवायचं नाही, हे तालमीतच पक्कं करा. 'लूझिंग गेम'च्या शेवटच्या ओळीला मात्र दोघांनी थांबून तिच्याकडे बघायचं, आणि तिने शेवटचा शब्द टाकल्यावरच कॉर्ड वाजवायचा.